किरणोपचारानंतरची वेदना : काही अनुभव, काही माहिती

(मंडळाच्या महिला विभागाने सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बैलकुप्पे येथे काढलेल्या सहलीत, भोजनोत्तर सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



सहलीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, कर्करोगानंतरच्या दुखण्यावर बोलावयाचे म्हणजे रसभंगच. आपण सकाळी नामद्रोलिंग मठातील सुमारे साठ फूट उंचीच्या त्या तीन सोनेरी मूर्ती पाहिल्या, मुलांनी छायाचित्रे काढली, आणि आता ही बाई ओटीपोटाच्या गोष्टी सांगणार! परंतु महिला विभागाने 'आरोग्यविषयक काहीतरी बोला' असे सुचविले तेव्हा रक्तदाब आणि मधुमेह हे विषय मी मुद्दाम बाजूस ठेवले. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्याच कुटुंबांतील निरनिराळ्या स्त्रियांनी मला दूरध्वनीवर, आवाज खाली आणून, जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. 'उपचार संपले, डॉक्टर म्हणतात रोग राहिला नाही, मग अजून दुखते कशाला?' या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते चारचौघांत मोठ्या आवाजात द्यावयास हवे, असे मला वाटते.

माझा अधिकार तो काय, हेही सांगते. मी डॉक्टर नव्हे. म्हैसूरच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवीत असे. २०१३ साली मला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. बंगळूरला पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज बाहेरून किरण. आठवड्यातून एकदा सिसप्लाटिन या औषधाची सलाईन. आणि शेवटी आतून किरण देण्याचा उपचार, ज्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. आपल्याकडे कोणी याला 'शेक घेणे' म्हणतात, कोणी 'लाइट घेणे'. किरणांना औषधाची जोड देण्याची ही पद्धत १९९९ पासून जगभर रूढ झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने बऱ्याच पुढच्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर केलेल्या चाचणीतूनही तिचा लाभ २०१८ साली दिसून आला. मी आज आपल्यासमोर उभी आहे ती या उपचारामुळेच. म्हणून पुढे जे बोलणार आहे ते ऐकून कोणी 'मग किरण नकोतच' असा निष्कर्ष काढू नये. तो आत्मघात ठरेल.

ओटीपोट म्हणजे एक गच्च भरलेले फडताळ आहे. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय, वर आतड्यांची वेटोळी, भोवती हाडांचे कडे, आणि खाली हे सर्व तोलून धरणारी स्नायूंची झोळी. गर्भाशयमुखावर किरण सोडताना शेजाऱ्यांना काहीच झळ लागू नये, हे पूर्णपणे साधत नाही. उपचार चालू असताना जुलाब होतात, लघवीला आग होते. हे त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. पुढचा भाग कोणी समजावून सांगत नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, किरण लागलेल्या भागातील बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर जाड होऊन त्या अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो, आणि मऊ, लवचीक पेशीजालाच्या जागी ताठर तंतू येतात. कोवळी भेंडी जून झाली म्हणजे वाकत नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, तसेच काहीसे. हे सर्वांनाच होते असे नाही आणि ज्यांना होते त्यांनाही सारखे होत नाही. गर्भाशयाचे हे दुखणे सोडले तरी गुदाशयाच्या आणि पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगातही याच भागावर किरण देतात. तेव्हा मागच्या रांगेतील बंधूंनी पेंगू नये.

ब्रिटनमधील डॉ. जर्व्हाइस अँड्रेयेव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० च्या सुमारास या साऱ्या तक्रारींना एकत्रितपणे 'ओटीपोटाचा किरणोत्तर आजार' अशा अर्थाचे नाव दिले. नाव दिल्याने दुखणे जात नाही हे खरे. परंतु 'जीव वाचला ना, मग थोडे सोसा' या वाक्याने ज्यांची बोळवण होत असे त्यांना निदान आजारी म्हणून मोजले जाऊ लागले, हे काही थोडे नव्हे.

आता मुख्य गोष्ट. वेदना सांगता आली पाहिजे. आपण इथे चाळीस-चाळीस वर्षे राहतो, कन्नड बोलतो. पण भाजी घेण्याइतके कन्नड आणि स्वतःचे शरीर सांगण्याइतके कन्नड यांत फार अंतर आहे. डॉक्टर विचारतात, 'नोवु इदेया?' म्हणजे दुखते का? आपण मान हलवितो. संवाद संपला. सोबत मुलगा आला असेल तर तोही संपत नाही, सुरूच होत नाही. आणि वास्तविक आपली मायबोली या बाबतीत किती श्रीमंत आहे! ठणका, ठुसठुस, कळ, चमक, सणक, रग, आग, भगभग, ओढ, पेटका, मुंग्या, जडपणा. या प्रत्येक शब्दाचे दुखणे वेगळे आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत इंग्रजीतील ७८ वेदनावाचक शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. रुग्णाने आपला शब्द निवडावा आणि त्यावरून वैद्याने दिशा घ्यावी. आपल्या आजीला हे शास्त्र प्रश्नावलीवाचून येत होते.

ओटीपोटाच्या बाबतीत हे शब्द किती उपयोगाचे आहेत ते पाहा. पोटात कळ येते आणि शौचास जाऊन आल्यावर ती थांबते, हे आतड्याकडे बोट दाखविते. लघवी संपताना जळजळ आणि पुन्हा लगेच जावेसे वाटणे, हे मूत्राशयाचे गाऱ्हाणे. बसून राहिल्यावर खाली रग भरते, आत ओढल्यासारखे वाटते, ते बहुधा त्या स्नायूंच्या झोळीचे. नितंबापासून मांडीच्या मागून सणक जाते, मुंग्या येतात, आग होते, तिथे मज्जातंतूंचा विचार करावा लागतो. उभे राहिल्यावर, चालल्यावर दुखते आणि आडवे झाल्यावर उतरते, तर हाड पाहावे लागते. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. पण कुठे शोधावयाचे हे त्यांना आपल्या शब्दांवरून कळते. मी एक वही ठेवली. तारीख, वेळ, मराठी शब्द, त्यापुढे कन्नड किंवा इंग्रजी शब्द, काय केल्याने वाढले आणि काय केल्याने उतरले. आगीला 'उरि' म्हणावे आणि ओढीला 'सेळेत', हे मला शेजारच्या कन्नड मैत्रिणीने सांगितले. ती वही घेऊन गेले त्या दिवसापासून डॉक्टरांची खुर्ची माझ्याकडे वळली. या बैलकुप्प्यात १९६० नंतर जंगल साफ करून तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. इथल्या एखाद्या वृद्ध तिबेटी बाईलाही आपले पोट दुखते हे हिंदीत किंवा कन्नडमध्ये सांगताना अशीच शब्दांची जुळवाजुळव करावी लागत असेल, असे सकाळी वसाहतीतून येताना मनात आले.

हाडाविषयी थोडे थांबून बोलते, कारण सर्वांत अधिक भय तिथेच आहे. किरणांनी बीजकोशांचे काम थांबते, पाळी अकाली जाते, आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. त्यात किरणांचा प्रत्यक्ष परिणाम. मग कधी उपचारांनंतर वर्ष-दोन वर्षांनी त्रिकास्थीला, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाला, पडल्या-झडल्यावाचून बारीक तडे जातात. कंबरेखाली असे दुखते की कुशीवर वळता येत नाही. अशा वेळी रुग्णाच्या मनात एकच विचार येतो : रोग हाडांत उतरला. घरातील माणसे कुजबुजू लागतात. मला हे दुखणे २०१५ साली झाले. तीन आठवडे मी कोणाला सांगितले नाही. मुलीचे लग्न दीड महिन्यावर होते. हाडांच्या साध्या स्कॅनमध्ये असे तडे कधी रोगासारखे दिसू शकतात. एमआरआय आणि सीटी यांच्या साहाय्याने जाणकार डॉक्टर बहुतेक वेळा फरक ओळखतात. माझे तडे निघाले. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, काही काळ विश्रांती, काठी, हाडे बळकट करणारे औषध. लग्नात मी काठी घेऊन उभी राहिले आणि विहिणीने विचारले तेव्हा 'हाड मोडले आहे' असे सरळ सांगितले. मुद्दा हा, की नवी वेदना म्हणजे रोग परतलाच, असे नव्हे. आणि 'ही किरणांचीच असेल' असे आपणच ठरवून घरी बसणे, हेही नव्हे. दोन्ही गोष्टी तपासणीवाचून कळत नाहीत.

यानंतरचा विषय असा आहे की तो मंडळाच्या व्यासपीठावर आजवर उच्चारला गेला नसेल. अध्यक्ष महोदयांची अनुज्ञा मी आधीच घेतली आहे. किरणांनंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आक्रसतो, त्याच्या भिंती एकमेकींस चिकटू शकतात. पती-पत्नींच्या संबंधांत त्यामुळे असह्य वेदना होतात. बाई टाळू लागते, नवरा समजतो की मन उडाले, किंवा भलताच समज करून घेतो की हा रोग आपल्याला लागेल. लागत नाही, आणि बाहेरून किंवा तात्पुरत्या नळीतून किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. यावर उपाय आहेत. उपचारांचा दाह शमल्यावर, काही आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी, पाण्यात विरघळणारी जेली लावून, आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे वापरावयाची असते. ती कशी वापरावी हे परिचारिका शिकविते. न शिकविल्यास विचारावे. कोरडेपणासाठी मलमे आहेत, त्यांत संप्रेरकाची मलमेही आहेत. ती आपल्या रोगात चालतील की नाही हे डॉक्टर सांगतील. एक विधवा भगिनी मला म्हणाल्या, 'मला आता याचा काय उपयोग?' उपयोग हा की पुढील अनेक वर्षे डॉक्टरांना आतून तपासणी करावयाची असते. मार्ग बंद झाला तर ती तपासणी यातनामय होते, मग बाई तपासणीसच जात नाही, आणि रोग खरोखरच परतला तर तो उशिरा कळतो.

याच ठिकाणी स्नायूंचे सांगते. ज्याला त्याला 'खालचे स्नायू आवळा' असा व्यायाम सांगण्याची पद्धत पडली आहे. लघवी गळत असेल तेव्हा तो योग्य. पण वेदनेने जे स्नायू आधीच आवळून बसले आहेत त्यांना आणखी आवळावयास सांगणे म्हणजे मुठीत पेटका आलेल्याला मूठ घट्ट करावयास सांगणे. त्यांना आधी सैल होणे शिकवावे लागते, पोटाने सावकाश श्वास घेऊन. या स्नायूंचे विशेष शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट स्त्रिया मोठ्या शहरांत मिळतात. त्यांच्याकडे चार फेऱ्या माराव्यात.

मूत्राशय आणि आतडे यांविषयी थोडक्यात. रक्त दिसले तर मूळव्याध म्हणून घरगुती औषध करीत बसू नये. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी 'मला इथे किरण दिले आहेत' हे पहिल्या वाक्यात सांगावे. किरण लागलेल्या गुदाशयाच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी सहज काढला तर ती जखम भरून येणे अवघड जाते, म्हणून माहीतगार डॉक्टर तो शक्यतो टाळतात. रक्तस्रावावर सुक्रालफेटचा एनिमा, दुर्बिणीतून डाग देणे, असे उपाय आहेत. दाबाखाली प्राणवायू देण्याचाही एक उपचार आहे. मूत्राशयाच्या तक्रारींत त्याचा उपयोग उत्तर युरोपातील २०१९ च्या चाचणीत दिसला, आतड्यांच्या बाबतीत ब्रिटनमधील २०१६ च्या चाचणीत तसा दिसला नाही. तेव्हा खर्च करण्यापूर्वी कशासाठी घेतो आहोत हे विचारावे. आणि ज्यांना पुढे कधी हे उपचार घ्यावे लागतील त्यांच्यासाठी एक आनंदाची वार्ता. टाटा स्मारकच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकारी यांनी शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध केली. रोज प्रतिमा पाहून नेमकेपणाने किरण देण्याच्या नव्या पद्धतीने आतड्याचे लक्षणीय विलंबित त्रास तीन वर्षांत सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. निम्मे!

औषधांचे भय आपल्यात दोन प्रकारचे आहे. साध्या वेदनाशामक गोळ्यांचे मुळीच भय नाही, आणि मॉर्फिनचे अतोनात. असावयास हवे ते जवळजवळ उलट. दुकानातून आणलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्याने मूत्रपिंडे बिघडतात. सिसप्लाटिन घेतलेल्यांची मूत्रपिंडे तर आधीच थकलेली असू शकतात. मज्जातंतूंच्या आगीवर या साध्या गोळ्या फारशा चालतच नाहीत. तिथे अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन अशी निराळी औषधे देतात. पहिले मूळचे खिन्नतेवरचे, दुसरे फेफऱ्यावरचे. चिठ्ठी पाहून 'मला वेडाची गोळी दिली' म्हणून रागावू नये. मॉर्फिन हे तीव्र वेदनेसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावयाचे औषध आहे. बद्धकोष्ठ होतो, त्याचे औषध बरोबरीने घ्यावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने रुग्णांनाही ते मिळेनासे झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने वाट पुष्कळ सुकर झाली. वेदनाशमन आणि परिहार सेवा म्हटले की लोकांना शेवटचे दिवस आठवतात. मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ साली आणि बंगळूरचे करुणाश्रय १९९९ साली सुरू झाले ते अशा शेवटच्या दिवसांसाठीच, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण रुग्णालयांतील वेदनाशमन विभाग माझ्यासारख्या बऱ्या झालेल्यांसाठीही असतात.

सकाळी मठात भिक्षूंना तासन्‌तास मांडी घालून बसलेले पाहिले. मला वीस मिनिटेही तसे बसता येत नाही. माझी उशी मी बरोबर आणली आहे. तरी त्यांच्या परंपरेकडून आपल्याला घेण्यासारखे आहे. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबात-झिन यांनी ज्या रुग्णांच्या जुनाट दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते त्यांच्यासाठी बौद्ध ध्यानावर आधारलेले वर्ग सुरू केले. धर्म बाजूला, केवळ श्वास आणि शरीर यांकडे लक्ष. त्याने वेदना नाहीशी होत नाही. वेदनेभोवती जो आकांत आपण उभा करतो तो कमी होतो. धर्मानंद कोसंबींनी मराठीत आणलेल्या पाली वाङ्मयाच्या परिवारात दोन बाणांचा दृष्टान्त आहे : एक बाण शरीरात शिरतो, आणि अज्ञ माणूस शोक करून दुसरा बाण स्वतःच मनात शिरवून घेतो. मी रोज रात्री पंधरा मिनिटे हा अभ्यास करते. झोप पूर्वीपेक्षा बरी लागते, इतकेच म्हणेन. मात्र पहिला बाण काढण्यासाठी वैद्यच लागतो. इथे तिबेटी वैद्यकाचा दवाखाना आहे, आपल्याकडे आयुर्वेद आहे. दोहोंविषयी मला आदर आहे. परंतु घटक माहीत नसलेल्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत, आणि तपासणी चुकवून तर कधीच घेऊ नयेत.

काही लक्षणांना थांबावयास वेळ नसतो. पाय लुळा पडू लागणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे, लघवी किंवा शौच यांवरील ताबा एकाएकी जाणे, लघवी तुंबणे, एकच पाय सुजणे, रात्रीची झोप मोडणारी आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी वेदना. असे झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघावे.

घरच्यांनी काय करावे, असे मला विचारतात. फार नाही. लघवीसाठी वाटेत गाडी थांबवावयास सांगितली तर सुस्कारा टाकू नये. हळदीकुंकवाला तिला सतरंजीवर न बसविता खुर्ची द्यावी आणि त्याची चर्चा करू नये. कमोड बसवावयाचा खर्च करावा. डॉक्टरांकडे नवऱ्याने जावे, पण पाच मिनिटे बाहेर बसावे. जुलाबाच्या दिवसांत मऊ भात, ताक, साधे वरण पुरे; 'ताकद येईल' म्हणून मोड आलेल्या उसळीचा आग्रह नको.

सभेनंतर मी बाहेरच्या ओट्यावर बसणार आहे. वहीच्या मागच्या पानांवर वेदनेच्या मराठी शब्दांपुढे कन्नड शब्द लिहिलेले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी उतरवून घ्यावेत, आणि माझ्या यादीत नसलेला शब्द ठाऊक असल्यास भर घालावी. ज्यांना चारचौघांत विचारावयाचे नाही त्यांनी नंतर विचारावे. बस साडेचारला सुटेल. हुणसूरला पंधरा मिनिटे थांबेल, आणि त्याआधीही कोणी सांगितल्यास थांबेल. ही व्यवस्था मी सहल समितीकडून आणि चालकाकडून आधीच कबूल करून घेतली आहे.